हवामान सांगणारा माणूस कुठे बसतो?

प्रश्न असा आहे: “मी पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. दूरदर्शनसारख्या सार्वजनिक वाहिनीवर हवामानाचा अंदाज सांगावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. बीबीसीवर हे काम शास्त्रज्ञ करतात असं ऐकलं, आपल्याकडे बहुधा वृत्तनिवेदकच करतात. ही माणसं नक्की नोकरीला कोणाकडे असतात? आणि मी हवामानशास्त्राकडे वळू की निवेदनाकडे?”

मी या कामात बावीस वर्षं काढली. आधी हंगामी निवेदक म्हणून, मग वृत्तकक्षातल्या हवामानाच्या टेबलावर, आणि शेवटची काही वर्षं नवी माणसं निवडून त्यांना तयार करण्यात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पगार कोण देतं हे सगळे पहिल्यांदा विचारतात. माझे पहिले दोन प्रश्न वेगळे आहेत. अंदाज जिथे ठरतो तिथल्या चर्चेला हा माणूस असतो का? आणि हातात आलेलं वाक्य ऐनवेळी बदलायची त्याला मुभा आहे का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पगारपत्रकावर कुठल्या संस्थेचं नाव आहे याने फारसं बिघडत नाही. ‘नाही’ असेल, तर डॉक्टरेट झालेला माणूस उभा केला तरी तो वाचूनच दाखवणार.

बीबीसीपासून सुरुवात करू, कारण तिथे हा सगळा प्रवास एकाच घरात पाहायला मिळतो. १४ नोव्हेंबर १९२२ला बीबीसी रेडिओ सुरू झाला तेव्हापासून हवामानाची माहिती मेट ऑफिसकडून, म्हणजे ब्रिटनच्या राष्ट्रीय हवामान संस्थेकडून, येत होती. १९३६मध्ये दूरचित्रवाणीवर पहिल्यांदा हवामानाचा नकाशा दिसला. युद्धात प्रक्षेपण बंद पडलं, आणि १९४९मध्ये हवामान पुन्हा पडद्यावर आलं तेही माणसाविना: नकाशा समोर, आवाज मागून. चेहरा आला तो ११ जानेवारी १९५४ला. संध्याकाळी ७ वाजून ५५ मिनिटांनी जॉर्ज काउलिंग नावाचे मेट ऑफिसचे अंदाजकार नकाशासमोर उभे राहिले, हातात कोळशाची कांडी घेऊन. उद्या वारा चांगला आहे, धुणं वाळत घालायला दिवस बरा, असं त्यांनी सांगितलं. मी शिकवताना हे उदाहरण पहिल्याच दिवशी देते. वाऱ्याचा वेग काउलिंग यांना तोंडपाठ असणार, पण ऐकणाऱ्या बाईच्या अंगणात त्या वाऱ्याचा अर्थ काय होतो हे त्यांना सुचलं. दुसऱ्याने लिहून दिलेल्या कागदावर अशी वाक्यं सापडत नाहीत. नकाशा स्वतः काढलेल्या माणसालाच ती सुचतात.

पुढे कित्येक दशकं बीबीसीच्या राष्ट्रीय बुलेटिनमधले हवामानाचे चेहरे मेट ऑफिसच्या पगारावर होते. नकाशावर चिकटवायची चुंबकी चिन्हं गेली आणि १९८५मध्ये संगणकावरची चित्रं आली, तरी पद्धत टिकली: सादर करणारा स्वतःच नकाशांचा क्रम लावतो आणि प्रॉम्प्टरशिवाय, म्हणजे समोर मजकूर दाखवणाऱ्या पडद्याशिवाय, बोलतो. बातम्या लांबल्या तर दोन मिनिटांचं सव्वा मिनिट होतं, आणि कुठलं वाक्य गाळायचं हे त्याचं तोच ठरवतो. नवख्या माणसाला यात नुसतं पाठांतराचं कसब दिसतं. पण काय गाळलं तर चालेल हे ठरवायला आज कशाने धोका आहे हे कळावं लागतं, आणि त्यासाठी अंदाज समजलेला असावा लागतो.

आता याच घरातली सगळ्यांना आठवणारी चूक. १५ ऑक्टोबर १९८७च्या दुपारी मायकेल फिश यांनी बीबीसीवर सांगितलं की, हरिकेन येतंय का असं विचारायला एका बाईंचा फोन आला होता म्हणे, पण काळजी नको, तसं काही येत नाही. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडला वादळाने झोडपलं. १८ माणसं गेली, दीड कोटी झाडं पडली. फिश हे मेट ऑफिसचेच माणूस होते, म्हणजे शास्त्रज्ञ समोर उभा केला की चूक होत नाही असं समजायचं कारण नाही. त्या दिवशी अंदाजच कमी पडला होता. पण पुढे काय झालं ते पाहा. ज्या संस्थेने अंदाज केला तिचाच माणूस पडद्यावर होता, त्यामुळे ‘आम्ही फक्त वाचलं’ असं म्हणायला कोणाला जागा नव्हती. चौकशी झाली, आणि तीव्र हवामानाचे इशारे देण्याची राष्ट्रीय व्यवस्था त्यातूनच उभी राहिली. चेहरा आणि जबाबदारी एकाच ठिकाणी असण्याचा हा फायदा मला फार मोठा वाटतो.

२०१५मध्ये बीबीसीने जाहीर केलं की मेट ऑफिसचा करार पुढे चालू ठेवणार नाही. लोकांचा पैसा वापरतो तर निविदा काढणं भाग आहे, असं कारण दिलं गेलं. काम मिटिओग्रुप या खासगी कंपनीला मिळालं आणि फेब्रुवारी २०१८मध्ये प्रत्यक्ष बदल झाला. ओळखीचे चेहरे बरेचसे तेच राहिले. मात्र रोजचा अंदाज एका संस्थेचा आणि तीव्र हवामानाचे अधिकृत इशारे मेट ऑफिसचे, असे एकाच बुलेटिनचे दोन उगम झाले. टेबलावर काम केलेल्या कोणालाही यातली अडचण लगेच कळेल. इशाऱ्याचा नकाशा एक बोलतो, पावसाचा नकाशा थोडं वेगळं बोलतो, आणि मधला सांधा कॅमेऱ्यासमोरच्या माणसाने भरायचा. २०२५मध्ये बीबीसी आणि मेट ऑफिसने पुन्हा एकत्र येत असल्याचं जाहीर केलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

इतर देशांबद्दल थोडक्यात. आयर्लंडमध्ये आरटीई या सार्वजनिक वाहिनीवर राष्ट्रीय हवामान संस्थेचे अंदाजकार येत. त्यातले जेराल्ड फ्लेमिंग बुलेटिन संपताना डोळा मिचकावायचे आणि अख्खा देश त्याची वाट पाहायचा. नॉर्वेत सार्वजनिक वाहिनी आणि हवामान संस्था यांनी २००७मध्ये मिळून संकेतस्थळ काढलं, पडद्यावरही संस्थेचे शास्त्रज्ञ असतात. जपानने वेगळीच वाट धरली. तिथे १९९४पासून हवामान अंदाजकाराची सरकारी परवाना परीक्षा आहे, शंभरातले पाच-सहाच पास होतात, आणि एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर हवामान सांगणाऱ्यांत असे परवानाधारक पुष्कळ दिसतात. म्हणजे नोकरी कोणाचीही असो, लायकी एका मापाने मोजलेली. आपल्याकडे अशी परीक्षा नाही. ती असावी असं मला फार वाटतं.

आता आपलं घर. भारतीय हवामान विभाग १८७५चा. त्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून तुम्ही शिवाजीनगरच्या ज्या चौकातून रोज जात असाल त्याला आजही सिमला ऑफिस म्हणतात. दूरदर्शनचं आणि हवामान विभागाचं नातं तर उपग्रहातलं आहे. इन्सॅट हा अंतराळ, दूरसंचार, हवामान विभाग, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांचा मिळून केलेला प्रकल्प होता. १९८३मध्ये सोडलेला इन्सॅट-१बी ढगांचे फोटो काढायचा आणि टीव्हीचे कार्यक्रमही गावोगाव पोचवायचा. रात्रीच्या बातम्यांच्या शेवटी तो ढगांचा काळा-पांढरा नकाशा यायचा तेव्हा माझे वडील हातातला घास थांबवायचे. इतकं जवळचं नातं असून माणसांची देवाणघेवाण मात्र तशी झाली नाही. विभागाकडून बुलेटिन यायचं, त्याचं भाषांतर व्हायचं आणि वृत्तनिवेदक ते वाचायचा. निवेदकांपैकी बरेच हंगामी, महिन्यातल्या मोजक्या ड्यूट्यांवर. आता विभाग स्वतःच शास्त्रज्ञांना कॅमेऱ्यासमोर बसवून व्हिडिओ काढतो, आणि चक्रीवादळाच्या वेळी विभागाचे महासंचालक स्वतः वाहिन्यांवर बोलतात. ही सुधारणा मोठी आहे. पण रोज संध्याकाळचं मराठी बुलेटिन अजून बहुतेक ठिकाणी भाषांतर आणि वाचन यांच्याच भरवशावर चालतं.

यात नुकसान कुठे होतं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग घ्या. हवामान विभागाच्या भाषेत त्याचा अर्थ त्या उपविभागातल्या, म्हणजे अंदाजासाठी पाडलेल्या राज्याच्या भागातल्या, पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. पुढे ५१ ते ७५ आणि ७६च्या वर असे आणखी दोन टप्पे. पाऊस किती भागावर पडेल एवढंच हे शब्द सांगतात. तो किती जोराचा असेल याच्याशी त्यांचा संबंध नाही. घाईतला निवेदक ‘ठिकाणी’ हा शब्द गाळतो आणि म्हणतो, ‘रत्नागिरीत तुरळक मुसळधार पाऊस’. घरी बसलेल्या माणसाच्या कानात ‘तुरळक’ उरतं आणि तो निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्याच्या खोऱ्यात दीडशे मिलिमीटर पडणार असू शकतो. एका शब्दाने एवढा फरक पडतो, आणि हा शब्द कोणी मुद्दाम गाळलेला नसतो. तो का आहे हे कधी कोणी समजावूनच दिलेलं नसतं.

‘अतिवृष्टी’चीही तीच गत. महसूल खात्याच्या लेखी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, कारण त्यावर नुकसानभरपाईचं गणित बसतं. हवामान विभागाच्या मोजमापात ६४.५ मिलिमीटरला मुसळधार सुरू होतो, ११५.६ला अतिमुसळधार, आणि सगळ्यात वरची पायरी २०४.४च्या पुढे. म्हणजे तलाठ्याची अतिवृष्टी ही हवामानवाल्यांची पहिली पायरी. निवेदकाने हा शब्द कुठल्या अर्थाने उच्चारला हे शेतकऱ्याला कळलं नाही तर तो पंचनाम्याच्या आशेवर बसतो किंवा उगाच घाबरतो. आणि ‘ढगफुटी’ तर दर पावसाळ्यात निम्म्या तालुक्यांत होते असं बातम्या ऐकून वाटेल. वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पडला तर त्याला ढगफुटी म्हणतात. मापकाने ते दाखवलं नसेल तर हा शब्द वापरू नका, असं मी प्रत्येक तुकडीला बजावत आले.

नावांचाही प्रश्न आहे. बुलेटिनमध्ये राज्याचे चार भाग असतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. कोल्हापूरचा माणूस स्वतःला मध्य महाराष्ट्रातला समजत नाही आणि नंदुरबारचाही नाही, तो खानदेशातला. दोघेही बुलेटिन ऐकतात आणि दोघांनाही वाटतं, आपलं नाव आलंच नाही. शिवाय त्याच एका उपविभागात महाबळेश्वर आहे आणि माण-खटावही. सरसकट ‘मध्य महाराष्ट्रात मुसळधार’ म्हटलं की दहिवडीत टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास त्या दिवशी संपला. मूळ बुलेटिनमध्ये ‘घाट भागात’ असं लिहिलेलं असतं. ते दोन शब्द का महत्त्वाचे आहेत हे भूगोल माहीत असलेल्याला कळतं, आणि तो ते कधी गाळत नाही.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगायला हवी. एका वाहिनीत मी हंगामी निवेदक होते. सकाळच्या अंदाजावरची स्क्रिप्ट दुपारी लिहून झाली होती, रायगडला ऑरेंज. साडेसहाच्या सुमारास इशारा बदलून रेड झाला. मला तो दिसला. सातला मी स्टुडिओत बसले तेव्हा प्रॉम्प्टरवर ऑरेंजच होता. स्क्रिप्टला हात लावायचा अधिकार संपादकांचा, ते बैठकीत, आणि मी त्या दिवसाच्या ड्यूटीपुरती. मी ऑरेंज वाचला. माझी मावशी महाडला राहते. तिने मलाच टीव्हीवर ऐकलं आणि गाडी खालच्या रस्त्यालाच राहू दिली. सकाळी गाडीच्या टपापर्यंत पाणी होतं. माणसं सुखरूप होती, पण मावशीने फोनवर एवढंच विचारलं, “तुला माहीत होतं का गं?” त्यानंतर मी कुठलीही नेमणूक स्वीकारताना एक अट लेखी घ्यायला लागले: अधिकृत इशारा बदलला असेल तर समोरची स्क्रिप्ट सोडून तो सांगायचा अधिकार मला असेल. दोन ठिकाणी यामुळे काम मिळालं नाही. तिसऱ्या ठिकाणी मिळालं, आणि पुढे तिथल्या सगळ्यांसाठी तोच नियम झाला.

ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. रंग हे शाळेला सुट्टी आहे की नाही हे सांगण्यासाठी नाहीत, तरी आपल्याकडे ‘रेड अलर्ट’चा पहिला अर्थ तोच घेतला जातो. हे समजावणंही पडद्यावरच्या माणसाचंच काम आहे, आणि ते रोज थोडंथोडं करावं लागतं. रेड आल्यावर समजावत बसायला वेळ नसतो.

नेमणुका करणाऱ्यांना मी एक साधं गणित घालते. हवामानाची एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याच्या २१ पाळ्या होतात. एका माणसाच्या पाच धरल्या तर चारहून जास्त माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून पाच, आणि पावसाळ्यात सहा. बहुतेक ठिकाणी या खुर्चीला दोन माणसं असतात, आणि तीही संध्याकाळपर्यंत. तळकोकणात पाणी चढतं ते बऱ्याचदा पहाटे. विभाग दर तीन तासांनी जिल्हावार तात्काळ इशारे काढतो, मुंबईतले कुलाबा आणि वेरावलीचे रडार रात्रभर फिरत असतात, पण ते वाचून लोकांना सांगणारं कोणी नसतं. पडद्यावरच्या ग्राफिक्सवर खर्च करण्याआधी रात्रपाळीच्या दोन जागा भरा, असं मी दरवेळी लिहून दिलं आहे. ग्राफिक्स नेहमी मंजूर झाली.

विदर्भाचा अंदाज नागपूरच्या केंद्राकडून येतो आणि उरलेल्या राज्याचा मुंबईच्या, हेही टेबलावरच्या माणसाला माहीत हवं. दोन्हीकडच्या ड्यूटीवरच्या अंदाजकाराशी त्याची बोलण्याइतकी ओळख हवी. नियमात हे कुठेच लिहिलेलं नसतं, पण चांगल्या टेबलाची ओळख मला याच गोष्टीवरून पटते.

डीडी किसानने २६ मे २०२४ला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे दोन निवेदक आणले, क्रिश आणि भूमी. पन्नास भाषांत बोलू शकतात. तयार बुलेटिन न चुकता वाचायचं असेल तर हे काम होईल, आणि जिथे आज कोणीच नाही तिथे उपयोगही होईल. म्हणूनच सांगते, नुसत्या वाचनावर भिस्त ठेवून या क्षेत्रात येऊ नका. मुंबईला फोन लावून ‘सावित्रीच्या खोऱ्यात आणखी किती वेळ?’ असं विचारणारा आणि मिळालेलं उत्तर महाडच्या माणसाला कळेल अशा शब्दांत सांगणारा माणूस अजून लागणार आहे.

तर तुम्ही काय करायचं? हवामानशास्त्राकडे वळा. तुम्ही पुण्यात आहात, यासारखी सोय नाही. विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, हवामान विभागाची प्रशिक्षण संस्थाही तिथेच. निवेदन सहा महिन्यांत शिकवता येतं, मी शिकवलं आहे. वातावरण समजायला काही वर्षं द्यावी लागतात. मधल्या काळात आकाशवाणीच्या हंगामी निवेदकांसाठी आवाजाच्या चाचण्या निघतात त्या द्या. तिथे श्वास आणि वेळ सांभाळायला शिकाल, पडद्याची भीती न बाळगता.

मुलाखतीला मी एक प्रश्न हमखास विचारायचे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. त्या संध्याकाळी ‘मुंबईत किती पाऊस झाला?’ याचं उत्तर नव्वद सेकंदांत, कागदाशिवाय, कुर्ल्यात अडकलेल्या माणसाला द्या. पदवी असलेले पुष्कळ जण ढगांची रचना समजावत बसायचे. आवाज चांगला असलेले दोन आकड्यांची सरासरी काढायचे. एका मुलीने उत्तर दिलं, “तुम्ही जिथे आहात तिथला आकडा माझ्याकडे नाही. उत्तरेला फार पडला आहे, पाणी तुमच्याकडे मिठी नदीतून येईल, वरच्या मजल्यावर जा.” तिला आम्ही घेतलं. तिची पदवी वनस्पतीशास्त्राची होती, पुढचं तिला आम्ही शिकवलं.

आजपासूनच एक करा. रोज संध्याकाळी विभागाचं बुलेटिन उघडा, पहिल्या वाचनानंतर बंद करा, आणि तुमच्या गावच्या माणसाला सांगताय असं समजून फोनवर नव्वद सेकंद मराठीत बोला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची पावसाची नोंद आली की एका वहीत तीन रकाने भरा: अंदाज काय होता, तुम्ही काय बोललात, पडला किती. मधला रकाना कुठे चुकला ते लाल शाईने लिहा. जून ते सप्टेंबर एकही दिवस सोडू नका, आणि मुलाखतीला बोलावणं आलं की प्रमाणपत्रांबरोबर ती वहीही घेऊन जा.